इंडोनेशियातील दुर्गम खेड्यात घर करताना : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

बालीहून पुढे फ्लोरेस बेटावर जाऊन आलेल्या आणि तिथल्या डोंगराळ खेड्यात लहानसे घर करून वर्षातले काही महिने राहावे असे मनात धरलेल्या मराठी माणसांच्या हातून एकच चूक पुन्हा पुन्हा होते. पैसे आधी दिले जातात, जमिनीची चौकशी नंतर होते आणि आपल्याला त्या देशात किती दिवस राहता येईल याचा विचार सर्वांत शेवटी येतो. क्रम याच्या नेमका उलटा हवा, आणि तो का हवा हे प्रत्येक पायरीवर सांगण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

उदाहरणासाठी फ्लोरेसच्या पश्चिमेकडील मांगराई हा प्रदेश घेतला आहे. लाबुआन बाजो, रुतेंग आणि बोरोंग ही तिथल्या तीन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे. जमिनीचा कायदा साऱ्या इंडोनेशियाला एकच असला, तरी गावकीची परंपरागत व्यवस्था बेटागणिक बदलते. म्हणून सुंबा किंवा सुमात्राकडे जाणाऱ्यांनी पायरी ४ आणि ५ मधील स्थानिक तपशील त्या त्या ठिकाणी विचारून घ्यावेत.

पायरी १ : आधी राहण्याची परवानगी

भारतीय पासपोर्टवर विमानतळावर पोहोचल्यानंतर किंवा निघण्यापूर्वी ऑनलाइन मिळणारा ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ ३० दिवसांचा असतो, त्याचे शुल्क ५,००,००० रुपिया आहे आणि तो फक्त एकदा, आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. गाव पाहणे, माणसांची ओळख करून घेणे आणि कागद तपासणे एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. घर करण्यासाठी मात्र तो पुरत नाही. वर्षाकाठी अनेक महिने राहायचे असेल, तर ‘कितास’ या नावाने ओळखला जाणारा मर्यादित निवासाचा परवाना आपल्याला कोणत्या कारणाने मिळू शकतो (नोकरी, विवाह, निवृत्ती की गुंतवणूक) हे आधी ठरवावे. यांपैकी कोणतेच कारण लागू होत नसेल, तर जमिनीचा विचार तिथेच थांबवून गावात खोली भाड्याने घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

सावधान : पर्यटक व्हिसावर काम करण्यास मनाई आहे, आणि मोबदला न घेता शाळेत शिकवणे किंवा यजमानाचा होमस्टे सांभाळणे यांचाही अर्थ काम असाच लावला जाऊ शकतो. मुदत ओलांडल्यास दर दिवसाला १०,००,००० रुपिया दंड होतो. ६० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम लांबल्यास हद्दपारी आणि पुनःप्रवेशबंदी ओढवते.

तपासून पाहा : मुदतवाढीसाठी लागणारे इमिग्रेशन कार्यालय लाबुआन बाजोला आहे. डोंगरातल्या गावातून तिथे जाऊन येण्यात एक-दोन दिवस सहज मोडतात, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

पायरी २ : प्रवासाची तयारी

बालीतील देनपासार ते लाबुआन बाजो हा विमानप्रवास तासाभराचा आहे. खरा वेळ पुढे जातो. लाबुआन बाजो ते रुतेंग हे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर वळणांच्या घाटरस्त्यामुळे चार तास तरी घेते. या रस्त्यावर ‘त्रावेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामायिक गाड्या धावतात आणि प्रवाशाला दारातून उचलून दारात सोडतात. रुतेंगपुढच्या गावांसाठी ‘ओतो कोल’, म्हणजे पाठीमागे लाकडी बाके ठोकलेला छपराचा ट्रक, आणि शेवटच्या टप्प्यावर ‘ओजेक’ म्हणजे भाड्याची मोटारसायकल. ओतो कोल साधारणपणे पहाटे गावातून बाजाराला निघतो आणि बाजार आटोपला की परततो. त्यामुळे दुपारनंतर शहरात पोहोचणाऱ्याने रात्रीचा मुक्काम तिथेच धरून चालावे.

पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्या काळात दरडी कोसळून रस्ता बंद पडणे नेहमीचे आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र खवळल्याने फेरीबोटी रद्द होतात. बेटाच्या पूर्व टोकाकडील लेवोतोबी ज्वालामुखीच्या नोव्हेंबर २०२४ मधील उद्रेकात राखेमुळे बालीपर्यंतची उड्डाणे रद्द झाली होती. म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानापूर्वी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि निघण्याआधी बीएमकेजी या हवामान व भूकंप संस्थेची सूचना पाहावी.

तीन गोष्टी वेळीच उरकाव्यात : दोन भारतातच आणि एक उतरल्यावर. मोटारसायकल चालवायची असेल, तर आरटीओकडून दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा; तो नसेल तर अपघातानंतर प्रवास विमा दावा नाकारू शकतो. दुसरी गोष्ट रेबीजची. फ्लोरेसमध्ये १९९७ पासून रेबीज आहे, गावोगावी कुत्री मोकळी फिरतात आणि चाव्यानंतर लागणारे इम्युनोग्लोब्युलिन लहान आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने चाव्यापूर्वीची लस आधीच घ्यावी, आणि त्याच भेटीत मलेरियाबद्दलही विचारावे. तिसरी गोष्ट फोनची : परदेशातून आणलेला फोन स्थानिक सिमकार्डावर दीर्घकाळ चालावा यासाठी त्याचा आयएमईआय क्रमांक इंडोनेशियाच्या कस्टम्सकडे नोंदवावा लागतो, आणि ही नोंद उतरल्या उतरल्या विमानतळावरच करणे सर्वांत सोपे असते. डोंगराळ भागात बहुधा टेलकोमसेल या मोबाइल कंपनीचेच सिग्नल मिळते.

रोख रक्कम शहरातूनच न्यावी. खेड्यापर्यंत पोहोचलेली बँक म्हणजे बँक राकयात इंडोनेशिया, पण गावात तिचा असतो तो एजंट, एटीएम नव्हे.

पायरी ३ : गावात प्रवेश आणि एक पावसाळा

इंडोनेशियात सर्वत्र पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत करण्याची रीत आहे. यजमानाला सोबत घेऊन आधी वाडीच्या प्रमुखाकडे (कपाला दुसून) आणि मग गावप्रमुखाकडे (कपाला देसा) जावे, पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन-तीन छायाप्रती द्याव्यात आणि कोणाच्या घरी, किती दिवस राहणार ते सांगावे. मांगराईत याखेरीज गावाचा परंपरागत प्रमुख ‘तुआ गोलो’ असतो. सरकारी प्रमुखाला भेटून तुआ गोलोला टाळणे ही परकीयांकडून होणारी ठळक चूक आहे, कारण जमिनीच्या प्रश्नात पुढे त्याचाच शब्द चालतो.

स्वागतावेळी ताडी किंवा तिच्याऐवजी बाटलीबंद पेय पुढे करून काही शब्द बोलले जातात. पीत नसाल तर उजव्या हाताने भांड्याला स्पर्श करून नम्रपणे तसे सांगावे. भांडे दूर सारू नये. वडीलधाऱ्या पुरुषास ‘बापाक’, स्त्रीस ‘इबू’ म्हणावे. मांगराईत मान देऊन बोलताना ‘क्राएंग’ म्हणतात. शाकाहारी मंडळींनी नुसते ‘मांस खात नाही’ असे सांगून भागत नाही, कारण मासे आणि वाळवलेल्या कोळंबीची ‘तेरासी’ ही चटणी तिथे मांसात धरली जातेच असे नाही. ‘साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, दान तेरासी’ (मी मांस, कोंबडी, मासे आणि तेरासी खात नाही) हे वाक्य पाठ करावे. भात, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तोफू, कांकुंगची भाजी आणि भोपळ्याचे कोंब यांवर व्यवस्थित भागते.

यानंतर जे करावे असे माझे आग्रहाचे मत आहे, ते बहुतेकजण करत नाहीत : जमिनीविषयी एक शब्दही न काढता निदान काही आठवडे, आणि तेही पावसाळ्यात, गावात खोली घेऊन राहावे. कोरड्या ऋतूत मोहक दिसणारा उतार जानेवारीत खचतो का, झऱ्यावरून आणलेली पाण्याची नळी पुराने तुटते का, वीज किती तास जाते आणि रात्री आजारी पडल्यास तालुक्याच्या ‘पुस्केसमास’ या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचता येते का, हे फक्त तेव्हाच कळते. रुतेंगच्या आसपासची गावे हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्याने रात्री चांगलीच थंडी पडते. पत्र्याच्या छपराखाली ती अधिक जाणवते.

तपासून पाहा : विजेचा मीटर बहुधा प्रीपेड असतो. २० आकडी ‘टोकन’ विकत घेऊन मीटरवर टाकावे लागते. ते गावात कोण विकतो आणि नेटवर्क नसताना काय करतात, हे विचारून घ्यावे.

पायरी ४ : जमिनीचा दर्जा ओळखणे

१९६० च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परकीयाला पुढील मार्ग मोकळे असतात.

‘हाक पाकाई’ हा वापराचा नोंदणीकृत हक्क ३० वर्षांचा असतो, २० वर्षांनी वाढवता आणि पुढे ३० वर्षांसाठी नव्याने घेता येतो. परंतु त्याला वैध निवास कागदपत्रे लागतात, जमिनीच्या क्षेत्रफळावर साधारण २,००० चौरस मीटरची मर्यादा असते आणि परकीयाने घ्यायच्या घरासाठी सरकारने प्रांतवार किमान किंमत ठरवलेली आहे. ती किंमत खेड्यातल्या साध्या घराच्या कितीतरी पट असल्याने हा मार्ग दुर्गम गावात क्वचितच बसतो. कंपनी स्थापून बांधकामाचा हक्क घेणे हा खऱ्या व्यवसायाचा मार्ग आहे. राहत्या घरासाठी तो खटाटोप करू नये. उरतो तो ‘हाक सेवा’, म्हणजे मुदतीचा भाडेपट्टा. बहुतेक वाचकांसाठी हाच योग्य पर्याय आहे, आणि पुढील पायऱ्या तो धरूनच लिहिल्या आहेत.

सावधान : ‘जमीन माझ्या नावावर घेऊ, पैसे तुम्ही द्या’ हा प्रस्ताव कितीही प्रेमाने आला तरी स्वीकारू नये. परकीयाकडे मालकी आडमार्गाने जावी अशा हेतूने केलेला व्यवहार त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. इंडोनेशियन जोडीदाराच्या नावावर जमीन घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, विवाहानंतर घेतलेली मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार हवा. २०१६ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो, पण जमीन घेण्यापूर्वी तो झालेला असावा.

आता कागद. ‘सर्तिफिकात’ हे राष्ट्रीय जमीन संस्थेने, म्हणजे बीपीएनने, दिलेले प्रमाणपत्र हाच मालकीचा सबळ पुरावा. गावात मात्र बरेचदा त्याऐवजी गावप्रमुखाच्या सहीचा ताबादाखला किंवा जमीन व इमारत कराची पावती पुढे केली जाते. घरपट्टीची पावती म्हणजे घराची मालकी नव्हे, तसेच हे. कर कोणी भरला एवढेच ती सांगते. प्रमाणपत्र नसलेल्या जमिनीवर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करूच नये. मालकाने आधी बीपीएनकडे नोंदणी करून घ्यावी, हवे तर मोजणीचा खर्च आपण अधिकृत पावतीवर भरावा, आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पुढची पायरी थांबवावी. २०१७ पासून गावेच्या गावे मोजून प्रमाणपत्रे देण्याची ‘पेतेएसएल’ ही सरकारी योजना चालू आहे. आपल्या गावात ती झाली आहे का, हे कपाला देसाला विचारावे.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही त्याची छायाप्रत पाहून समाधान मानू नये. जिल्ह्यातील ‘पीपीएटी’, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकृत अधिकारी, याच्यामार्फत बीपीएनच्या नोंदवहीशी पडताळणी करून घ्यावी. त्यातून तारण, वाद किंवा जप्ती असल्यास दिसते. बीपीएनच्या ‘सेंतुह तानाहकू’ या ॲपवर भूखंडाची जागा नकाशावर पाहता येते, ती प्राथमिक चाचणीसाठी उपयोगी आहे.

आणखी दोन नकाशे पाहावेत. एक वनक्षेत्राचा, कारण मांगराईत पिढ्यान्‌पिढ्या कॉफी लावलेली जमीनही कागदोपत्री जंगलात असू शकते. दुसरा जिल्ह्याच्या भूवापर आराखड्याचा, कारण संरक्षित भातशेतीवर घर बांधता येत नाही. समुद्राकाठी भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. ‘अगदी पाण्यालगत’ म्हणून दाखवलेली जागा बहुधा त्याच पट्ट्यात असते.

पायरी ५ : हद्दीची फेरी

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि वाद बहुतांशी इथूनच उगवतात. मांगराईची परंपरागत सामाईक शेती ‘लिंगको’ नावाच्या गोल क्षेत्रात असते. मध्यबिंदूला ‘लोदोक’, तिथून बाहेर पसरत जाणाऱ्या पाचरीच्या आकाराच्या वाट्यांना ‘मोसो’, दोन वाट्यांमधल्या सीमेला ‘लांगांग’ आणि बाहेरच्या कडेला ‘चिचिंग’ म्हणतात. रुतेंगजवळच्या चांचार येथे टेकडीवरून पाहिल्यास ही कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेते स्पष्ट दिसतात. वाटे पाडण्याचे काम ‘तुआ तेनो’ या परंपरागत प्रमुखाचे असते. अर्थात, एखाद्या कुटुंबाला मोसो कसायला मिळाला म्हणजे तो बाहेरच्या माणसाला देण्याचा अधिकार मिळाला असे नाही.

फेरी अशी करावी. जमीनमालक, त्याची पत्नी, त्याचे सर्व भाऊ आणि लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या बहिणींपैकी येऊ शकतील त्या, चारही बाजूंचे शेजारी, तुआ तेनो, तुआ गोलो आणि कपाला देसाचा प्रतिनिधी यांना एकाच दिवशी, सकाळी, जागेवर बोलवावे. त्याआधी चहा-कॉफी, साखर आणि जेवणाची व्यवस्था यजमानाला विचारून करावी. मग सगळ्यांनी मिळून कडेकडेने चालत जावे. खेड्यात हद्दीची खूण म्हणजे बरेचदा लावलेले झाड किंवा दगड; प्रत्येक कोपऱ्यावर थांबून दोन्ही बाजूंच्या मालकांकडून ‘ही हद्द मान्य आहे’ असे मोठ्याने वदवून घ्यावे, फोनवर जीपीएस नोंद घ्यावी आणि सगळे उभे असताना छायाचित्र काढावे. पाण्याची नळी, गुरांची वाट आणि थडगी कुठे आहेत ते याच वेळी विचारावे. थडगे हद्दीच्या आत असेल, तर त्या कुटुंबाचे येणे-जाणे कायम राहील हे आपण होऊन मान्य करावे आणि करारात लिहावे.

फेरीच्या शेवटी उपस्थितांची नावे, नाते आणि सह्या घेऊन लिखित टिपण करावे. त्यावर १०,००० रुपियाचे ‘मेतेराई’ हे मुद्रांक तिकीट लावावे. गावात जमिनीच्या मागणीसाठी कोंबडा आणि ताडी घेऊन प्रमुखाकडे जाण्याचा ‘कापू मानुक लेले तुआक’ हा विधी असल्यास तो त्या गावच्या पद्धतीने व्हावा. मात्र विधी झाला म्हणून कागद टाळता येत नाही, आणि कागद झाला म्हणून विधीही नाही.

सावधान : एखादा भाऊ ‘जकार्ताला असतो, त्याचे काही म्हणणे नाही’ असे सांगितले गेले तर तिथेच थांबावे. त्याची लेखी, ओळखपत्रासह संमती आल्याशिवाय करार करू नये. परगावचा हा भाऊ पाचएक वर्षांनी, घर उभे राहिल्यावर परततो, आणि तेव्हा गाव त्याच्याच बाजूने उभे राहते. त्यात गावाची चूक नसते.

पायरी ६ : भाडेपट्ट्याचा करार

करार ‘नोतारिस’पुढे, म्हणजे दस्त करणाऱ्या अधिकृत नोटरीपुढे, करावा. २००९ च्या भाषाविषयक कायद्यानुसार इंडोनेशियन व्यक्तीशी होणारा करार इंडोनेशियन भाषेत असणे बंधनकारक आहे. इंग्रजी प्रत सोबत ठेवता येते, पण केवळ इंग्रजीत केलेला करार न्यायालयाने रद्द ठरवल्याचे उदाहरण आहे. आपला दुभाषा मालकाचा नातेवाईक किंवा दलाल नसावा.

मुदत २० ते ३० वर्षे ठेवण्याचा मोह होतो. परक्या गावात पहिला करार पाच वर्षांचा करून वाढीची अट आत्ताच लिहून ठेवणे मला अधिक योग्य वाटते. यामागे भारतीय नियमाचेही एक कारण आहे, ते पायरी ७ मध्ये दिले आहे. वाढीचे भाडे कसे ठरेल, याचे सूत्र करारात हवे. ‘त्या वेळी ठरवू’ असे लिहिलेली वाढ ही वाढ नव्हे.

करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : मालक आणि पत्नी दोघांच्या सह्या, जमीन विकली गेली किंवा मालकाचा मृत्यू झाला तरी भाडेपट्टा चालू राहील हे कलम, आपण बांधलेल्या घराचे मुदतीनंतर काय होईल, रस्ता आणि पाण्याचा हक्क, मूळ प्रमाणपत्र कोणाकडे राहील, आणि भाड्यावरील १० टक्के आयकर कोण भरेल. या शेवटच्या मुद्द्यावर हमखास वाद होतात, कारण मालकाला ‘हातात पूर्ण रक्कम’ असे सांगितलेले असते आणि कराविषयी कोणीच बोललेले नसते.

पायरी ७ : पैसे

भारतात राहणाऱ्यांनी रक्कम बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली पाठवावी; तिची मर्यादा प्रति व्यक्ती प्रति आर्थिक वर्ष २,५०,००० अमेरिकी डॉलर आहे. भारताच्या २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांत पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा स्थावर मालमत्ता संपादनाच्या निर्बंधांतून वगळलेला आहे. त्याहून लांब मुदतीचा भाडेपट्टा संपादनात मोडतो. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद करण्याबाबत आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला आधीच विचारावे. न केलेल्या नोंदीबद्दल २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. जवळ बाळगून नेलेल्या रोकडीतून भाडे भरल्यास पुढे दाखवायला काहीच उरत नाही.

इसार म्हणून छोटी रक्कमही पडताळणी आणि फेरी होण्यापूर्वी देऊ नये. गावात ती ताबडतोब भावंडांत वाटली जाते किंवा लग्न-मयताच्या खर्चाला लागते, आणि मग ती परत मागणे म्हणजे गावात राहण्याची शक्यताच संपवणे. पैसे मालकाच्या स्वतःच्या बँक खात्यात, सहीच्या दिवशी, नोतारिसच्या समोर द्यावेत आणि पावतीवर जमिनीचा प्रमाणपत्र क्रमांक लिहून घ्यावा.

पायरी ८ : बांधकाम

२०२१ पासून जुन्या बांधकाम परवान्याच्या जागी ‘पेबेगे’ ही इमारत मंजुरी आली आहे. दुर्गम गावातही ती घ्यावी. फ्लोरेस भूकंपप्रवण आहे. १२ डिसेंबर १९९२ च्या भूकंपात आणि त्सुनामीत मौमेरे परिसरात दोन हजारांहून अधिक माणसे गेली. म्हणून विटांच्या जड भिंतींपेक्षा लाकडी सांगाड्याचे, हलक्या छपराचे घर बांधावे, आणि पायासाठी उतार कापायचा असल्यास पाणी वाहून जायला चर आधी खणावा. मजुरी ठरवताना आधी त्याच गावातल्या माणसांना विचारावे. बाहेरचा कंत्राटदार दोन आठवडे लवकर काम संपवील, पण नळी तुटली की दुरुस्तीला येणारा शेजारीच असतो.

साहित्य एप्रिलनंतर, रस्ता वाळल्यावर आणावे. सिमेंटचा ट्रक गावाच्या पुलावरून जाऊ शकतो का हे आधी पाहावे. अनेक ठिकाणी शेवटचा एक-दोन किलोमीटर माल खांद्यावरून न्यावा लागतो, आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो.